म्हाताऱ्याचं पान

त्या दिवशी मी कढईकडे पाठ करून बसले होते. बुटकं प्लास्टिकचं स्टूल, दोन पायांच्या मध्ये कोळंबीची बादली, मांडीवर फडकं. डोकं मुरगळायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा, डोकी साराच्या पातेल्यात, अंग बर्फावर. हे काम डोळे मिटून होतं, म्हणून माणसाचं डोकं रिकामं राहतं आणि रिकाम्या डोक्यात कान मोठे होतात. माझ्या मागे आमची सून लायफोंग नूडल्स परतत होती. नेहमीची सकाळ. कॉफीवाल्याचे कप एकमेकांवर आदळत होते, टेबलांवर टिश्यूच्या पुड्या ठेवून लोकांनी जागा धरल्या होत्या, आणि वरचे पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. आणि मला ऐकू आलं. उलथणं कढईच्या काठावर आपटलं: ठक, ठक. मग मध्ये थोडा वेळ काहीच नाही. मग हलकेच, झोपलेल्या माणसाचं दार वाजवावं तसं, आणखी एकदा. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा माझ्या अंगठ्याच्या नखाखाली शिरला, तरी मी तोंडातून आवाज काढला नाही. मी मागेही वळले नाही. वळावंसं वाटलं नाही असं नाही, पण मला वाटलं, मी वळले तर तो जाईल. कारण तो आमचा म्हातारा होता.

आमचा म्हातारा, माझा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. लायफोंग या घरात आली तेव्हा त्याच्या फोटोची चौकटसुद्धा जुनी झाली होती. तिनं त्याला कधी पाहिलं नाही, त्याचा आवाज ऐकला नाही. त्याचं नाव तेकसेंग होतं हे तिला लग्नाच्या दिवशी फोटोपुढे उदबत्ती लावताना कळलं. ती इपोची, मलेशियाची, त्यातून चिन्यांतली हक्का, बोलीही आमची नाही. चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांत चपला-बूट चढवून बघायची. आमच्याकडे आली तेव्हा उलथणं असं धरायची, जशी बूट चढवताना टाचेमागे पट्टी सरकवतात. मी म्हटलं, कढईला बूट घालायचा नाहीये. ती हसली. तिला राग येत नाही, हे मला आधी आवडलं नव्हतं. ज्या बाईला राग येत नाही तिच्या हातची मिरचीही तशीच होते, असं मला वाटायचं. आता तिची मिरची बरी होते. बरी म्हणतेय मी, उगाच जास्त बोलायला लावू नका.

तर तो तिसरा ठोका. उलथण्याला चिकटलेल्या नूडल्स सोडवायच्या म्हणून सगळेच कढईच्या काठावर ठोकतात, त्यात काही नवल नाही. मी दोनदा ठोकते, ठकठक, आणि पुढच्या कामाला लागते. माझे सासरे एकदाच ठोकायचे, पण असं की समोरच्या रस्त्यावरची मांजरं पळायची. रोचोरच्या रस्त्यावर त्यांची हातगाडी होती तेव्हाची गोष्ट. सरकारनं सगळ्या गाड्या उचलून या खाण्याच्या सेंटरात आणल्या तेव्हा सासरे म्हणाले, छपराखाली आवाज घुमतो, आता एकदासुद्धा जास्तच होईल. पण म्हातारा, त्यांचा मुलगा, दोनदा ठोकायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात तो काय करायचा हे मला लग्नानंतर खूप उशिरा कळलं, कारण मी नेहमी त्याच्या शेजारी, बाजूला उभी असायची, आणि शेजारच्या माणसाचं तोंड कुणाला दिसतं? त्या मधल्या वेळात तो गिऱ्हाइकाकडे बघायचा. रांगेत पुढे कोण उभं आहे, घाम आलेला आहे की एसीतून उतरलाय, पोर कडेवर आहे का, दात आहेत का. तेवढं बघून झालं की मग तो हलका ठोका, आणि मग सार किती ओतायचं ते ठरायचं. बिनदाताच्या म्हाताऱ्याला जास्त सार, टॅक्सीवाल्याला कमी, कारण त्याला गाडीत खायचंय आणि मांडीवर सांडलं तर शिव्या घालील. म्हातारा बोलायचा नाही. मी म्हणायची, तुझं तोंड कढईला आहे का. तर तो नुसता ठोकायचा.

मी वळले तेव्हा अर्थात लायफोंगच होती. केस वर गुंडाळून पिन लावलेली, मानेवर घाम, दंडावर तेलाचे जुने डाग. आणि तिची मान वर होती. ती रांगेकडे बघत होती. समोर एक शाळेची मास्तरीण उभी होती, हातात छत्री. मग लायफोंगनं हलकेच ठोकलं आणि साराचा डाव उचलला. माझ्या पाठीवर शहारे आले. हे मी लिहिते तेव्हाही येतात. देवळात ढोल वाजवताना कुणाच्या अंगात येतं तेव्हा मी मागे उभी राहून नाक मुरडणारी बाई आहे, मला असल्या गोष्टींचं कौतुक नाही. पण तिथं कुणाच्या अंगात आलं नव्हतं. ती शांतपणे नूडल्स परतत होती. तिला काही माहीतच नव्हतं.

दुपारी रांग संपली, तेव्हा कढई घासताना मी विचारलं. आमच्याकडे कढई घासायची म्हणजे नुसतं गरम पाणी आणि बांबूचा कुंचा, साबण नाही.

"तिसऱ्यांदा कशाला ठोकतेस?"

"काय ठोकते?"

"उलथणं. दोनदा ठोकतेस, मग थांबतेस, मग तिसऱ्यांदा."

"मी?" ती म्हणाली. "मा, मी तर तुमच्यासारखं दोनदाच ठोकते. तुम्हीच शिकवलंत ना. जास्त ठोकलं तर कढईला पोचे पडतात म्हणालात."

"मला कान आहेत."

"मग आज कान जास्त भरलेत तुमचे. चला, डॉक्टरकडे मनगट दाखवायला जायचंच आहे, तेही दाखवून घेऊ."

शेजारच्या गाळ्यात आ पुई माशाचं सूप विकतो. आ पुई म्हणजे जाड्या. आता तो काडीसारखा झालाय, पण नाव सुटत नाही. मी त्याला विचारलं, तुला काही ऐकू येतं का, आमच्या सुनेच्या हातचं. तो बोटानं कान खाजवत म्हणाला, "आंटी, या बाजूला तुझा आवाज, त्या बाजूला कॉफीवाल्याचा रेडिओ. मधे देवानं मला माशासारखं केलंय. कानाला भोकं आहेत, पण ऐकू कुणाचंच येत नाही." माझ्यापेक्षा वयानं मोठा, पण मला आंटी म्हणतो. गिऱ्हाइकांचं ऐकून.

मनगटाचं असं आहे की ते गेलं. दिसायला आहे, पण गेलं. हजारो लोकांना आतापर्यंत जेवू घातलं त्या उजव्या हातानं, आणि आता चहाचा कप उचलला तर बशीत नाचतो. डॉक्टरनं कापायला सांगितलं. मी म्हटलं, कोंबडी आहे का मी. मग त्यानं पट्टा दिला. त्या दिवसापासून मी बादलीवर बसते आणि लायफोंग कढईवर उभी राहते. बूनकियात, माझा मुलगा, विमानतळावर हरवलेल्या पेट्यांच्या ऑफिसात आहे, लोकांच्या पेट्या शोधून देतो. त्याला गाळ्याचा वास आवडत नाही. लहानपणी शाळेत पोरं त्याला कोळंबी म्हणायची. तो म्हणाला, मा, बस झालं, महिनाअखेर सेंटरच्या ऑफिसात सांगून टाकतो, गाळा परत. मी हो म्हटलं. त्याला मी एरवी लगेच हो म्हणत नाही, पण याला म्हटलं. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्यानंतर हा विस्तव विझला. माझ्या सासऱ्यांच्या हाताची चव म्हाताऱ्याच्या हातात आली, म्हाताऱ्याची माझ्या हातात, आणि माझा हात गेला. संपलं. यात रडण्यासारखं काही नाही. झाडसुद्धा कधीतरी थांबतं.

लायफोंगनं त्या वेळी एकदाच तोंड उघडलं. "मा, गाळा मला द्या. मी चालवते."

मी म्हटलं, "लोक नूडल्स खायला येतात, तुझं नशीब बघायला नाही."

तिनं मान खाली घातली आणि कांदा सोलत राहिली. पण त्या संध्याकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती, आणि तिच्या नखांत लसणाचा वास होता, माझ्या नखांत असतो तसाच, आणि ती आपला हात नाकाजवळ नेऊन हुंगत होती. ही बाई वासाला कंटाळत नाही. उलट हुंगतेय. चपलांचं दुकान सोडून आली ती परत जायचं म्हणून नाही, हे मला तेव्हाच दिसलं. मला दिसलं, पण मी खिडकीबाहेर बघत बसले.

तर ठोक्याचा विचार मी सोडू शकले नाही. मला वाटलं, कढईतच काही असेल. शेगडीच्या रिंगणावर कढई किंचित कलंडलेली आहे, पाणी वाहून जावं म्हणून गाळ्याची फरशीच तिरकी आहे, सार कढईच्या एका कुशीत गोळा होतं. म्हणजे उभं राहणाऱ्याला थांबावंच लागत असेल. एके सकाळी लायफोंग भाजी आणायला गेली तेव्हा मी पट्टा काढला आणि कढईपुढे उभी राहिले. रिकामी कढई. उलथणं डाव्या हातात घेतलं. ठकठक. थांबले. रांगेत कुणीच नव्हतं. समोर फक्त ओली फरशी, तिच्यावर आदल्या दिवशीचं चिरडलेलं लिंबू. मला तिसऱ्यांदा ठोकावंसं वाटलं नाही. माझ्या हातात तसं काही आलंच नाही. मी म्हाताऱ्याशेजारी एवढी वर्षं उभी राहिले, त्याच्या आजारपणात त्याचं ढुंगण धुतलं, आणि त्याची ही एक गोष्ट माझ्याकडे आली नाही. आणि जिनं त्याला पाहिलं नाही तिच्याकडे गेली. कुठून गेली? हवेतून? या गाळ्याच्या भिंतींवर एवढं तेल चढलंय की बोटानं ओरखडलं तर पिवळ्या थराखाली आणखी पिवळा थर दिसतो. त्या थरांत तो बसून होता का? मी भिंतीला बोट लावलं. बोट चिकट झालं. कळलं काहीच नाही. पण मला भीती नाही वाटली. जसं समुद्राकाठी उभं राहिल्यावर माणसाला आपण किती लहान आहोत ते कळतं आणि बरं वाटतं, तसं काहीतरी वाटलं. या वयात लहान वाटणं म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या बायकांनाच कळेल.

नूडल्सचंही तसंच आहे. मी एवढ्या शिजवल्या, पण त्या पाणी पितात कसं हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण कढईपुढच्या माणसाला बघायला वेळ नसतो. आता बाजूला बसल्यावर बघते. आधी डुकराच्या चरबीत लसूण आणि अंडं, त्यावर पिवळ्या नूडल्स आणि तांदळाच्या जाड पांढऱ्या शेवया. मग सार ओततात. ते आम्ही कोळंबीची डोकी आणि हाडं रात्रभर शिजवून करतो, गढूळ, पावसानंतरच्या नदीच्या रंगाचं. ओतल्यावर नूडल्स आधी गप्प पडून राहतात. मग वर झाकण. झाकणाखाली काय चालतं ते कुणालाच दिसत नाही, फक्त कडेनं वाफ येते. आणि झाकण काढलं की सगळं सार गेलेलं असतं. नूडल्सनी ते आत घेतलेलं असतं, आणि त्या पहिल्यापेक्षा जाड, जड, समजूतदार झालेल्या असतात. एक घोट कमी पाजला तर खाणाऱ्याच्या तोंडात सुतळी येते, एक घोट जास्त झाला तर लापशी. तो घोट कसा ठरवायचा? मला विचाराल तर मला सांगता येणार नाही. मला लिहिता येतं ते दुकानाच्या पाट्या वाचून शिकल्यामुळे. हे कुठल्या पाटीवर नव्हतं.

म्हाताऱ्याची तिथी जवळ आली. तिथीला आम्ही त्याच्यासाठी घरी जेवण मांडतो. चहाचे पेले, भात, कोंबडी, संत्री, आणि मधे एक पान त्याच्या नूडल्सचं. ते पान कढईवरून उतरवून थेट पोफळीच्या विरीवर, म्हणजे पानाच्या बुडाच्या रुंद सालपटावर वाढायचं, बशीत नाही. विरीचा वास लागला नाही तर तो नूडल्स ओळखणार नाही, असं माझं म्हणणं. दर वर्षी ते पान मी माझ्या हातानं केलं. भल्या सकाळी गाळा उघडायचा, एकच पान परतायचं, विरीत बांधून रस्ता ओलांडून घरी, लिफ्टनं वर, फोटोपुढे. या वर्षी मनगट नाही. म्हणजे लायफोंगच करणार. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, की मला कोण विचारतंय, ज्याची कढई त्यालाच विचारू. तिच्या हातचं पान त्याच्यापुढे ठेवायचं आणि पोए टाकायचे. पोए म्हणजे लाल लाकडाचे दोन तुकडे, काजूच्या आकाराचे, एक बाजू सपाट, एक फुगीर. हातात धरून प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही उताणे पडले तर तो हसतोय. दोन्ही पालथे पडले तर नाही. मेलेल्या माणसाला खोटं बोलायची गरज नसते. तो हो म्हणाला तर गाळा तिचा. नाही म्हणाला तर बूनकियात महिनाअखेर फोन करेल आणि मी एक शब्द बोलणार नाही.

हे मी दोघांनाही सांगितलं. बूनकियात म्हणाला, "मा, आपल्या गाळ्याचा निकाल दोन लाकडांवर?"

"तुझं लग्नही त्याच दोन लाकडांवर ठरलं. तेव्हा नाही बोललास."

 तिथीच्या आदल्या दिवशी लायफोंगचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका बाईला तिनं मिरचीऐवजी दोन लिंबं दिली, आणि आ पुईच्या सुपात चुकून आमचं सार ओतलं. आ पुई म्हणाला, "असू दे पोरी. माशाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा चव लागली." ती हसली नाही. माझ्या जवळ येऊन बसली आणि कोळंबी सोलायला लागली. मी म्हटलं, धागा नीट काढ. ती म्हणाली, "मा, त्यांना मिरची किती लागायची?"

"कुणाला?"

"त्यांना."

मी सांगितलं. बशीच्या कडेला एवढीशी, आणि लिंबू पिळून नाही, तसंच ठेवायचं. तो कधी पिळायचा, कधी नाही. तिनं मान हलवली, जसं शाळेतल्या पोरीनं धडा ऐकून हलवावी.  लगेच मी तिला म्हटलं की कांद्याची टोपली हलव, वाटेत आहे.

तिथीच्या सकाळी मी घरीच थांबले. बूनकियातनं रजा घेतली होती. तो खिडकीत उभा राहून खाली सेंटरच्या छपराकडे बघत होता, हरवलेली पेटी कुठल्या विमानातून येणार ते बघावं तसा. मी फोटोपुढची फळी पुसली, पेले मांडले, संत्री धुतली. फोटोत म्हातारा थोडा रागावलेला दिसतो, पण तो रागावलेला नव्हता. फोटोवाल्यानं सांगितलं होतं हलू नका, आणि त्याला कुणी काही सांगितलं की तो असाच दिसायचा. मी त्याला म्हटलं, आज बघ हं. एवढंच म्हटलं.

लायफोंग आली तेव्हा लिफ्टपासूनच वास आला. विरीचा, भाजलेल्या ओल्या लाकडासारखा, आणि त्याच्याखाली कोळंबीचा. तिनं विरी दोन्ही हातांवर धरली होती, जसं कुणाचं झोपलेलं पोर आणतात. फळीवर ठेवून उघडली. वाफ वर गेली आणि फोटोच्या काचेवर पसरली, म्हाताऱ्याची हनुवटी दिसेनाशी झाली. मी वाकून पान बघितलं. मी खोट काढायला वाकले होते, हे कबूल करण्यात मला लाज नाही, ते माझं कामच आहे. नूडल्स एकमेकांना धरून होत्या, चिकटलेल्या नव्हत्या. सार गेलेलं होतं, पण अंगावर चकाकी होती. माकुलाचे, म्हणजे स्क्विडचे, तुकडे वळलेले होते, ताठलेले नव्हते. मिरची कडेला एवढीशी. लिंबू अख्खं. मला खोट सापडली नाही. मी पुन्हा बघितलं. मग मी उदबत्त्या लावल्या आणि तिघांनी नमस्कार केला.

उदबत्ती अर्धी जळली की विचारायचं असतं. मी पोए दोन्ही हातांत धरले, पट्ट्यामुळे उजवा हात नीट वळेना. डोळे मिटले. दर वर्षी या क्षणी मी एक प्रश्न विचारते आणि तो पहिल्याच फटक्यात हो म्हणतो. एकदाही दुसऱ्यांदा टाकायची वेळ आली नाही. आमच्या ओळखीच्यांत लोक थट्टा करतात, तेकसेंगचं जेवण म्हणजे उदबत्तीला राखसुद्धा धरत नाही. जिवंत होता तेव्हाही तसाच. गाळ्यात त्याच्यासाठी एक स्टूल होतं, त्यावर कांद्याची टोपली असायची, तो कधी बसलाच नाही. उभ्या उभ्या, डाव्या हातात वाडगा, उजव्या हातात उलथणं, रांगेकडे डोळे, चार घास, आणि वाडगा खाली. मी म्हणायची, अरे पोटात गेलं का. तो म्हणायचा, गेलं, गेलं. वाडग्यात अर्धं राहिलेलं असायचं. ते मी खायची.

मी पोए टाकले. दोन्ही पालथे.

बूनकियातनं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही पालथे, एक फरशीवर फिरत फिरत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथंही पालथाच पडला. लायफोंग जाऊन उचलून घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.  तिसऱ्यांदा टाकले. नाही.

"मा," बूनकियात हळूच म्हणाला, "बाबा नाही म्हणतायत. तीनदा. आता पुन्हा विचारू नकोस, बरं दिसत नाही." मग लायफोंगकडे वळून म्हणाला, "तुला मनाला लावून घ्यायचं काही कारण नाही."

"मी कुठं लावून घेतलंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती चहाचे पेले आवरायला पुढे झाली.

"थांब," मी म्हटलं. "पेल्यांना हात लावू नकोस."

कारण मला आत्ता ऐकू आलं होतं. माझंच बोलणं, जरा उशिरा, जसं दुसऱ्या खोलीतून यावं. मी गाळ्याचं विचारलंच नव्हतं. सकाळपासून मनात घोकून ठेवलं होतं, तिला देऊ का, तिला देऊ का, आणि उदबत्ती अर्धी झाल्यावर, डोळे मिटल्यावर, तोंडानं आपलं दर वर्षीचंच पुटपुटलं. तीनही वेळा. झालं का जेवून? उचलू का?

आणि तो म्हणाला, नाही.

मी तिथंच फरशीवर बसले. गुडघे दुखत होते म्हणून नाही. माझ्या हातचं पान एवढी वर्षं त्याच्यापुढे ठेवलं, आणि तो पहिल्या फटक्यात म्हणायचा, झालं, झालं, उचल. मला वाटायचं, त्याला आवडतं म्हणून लगेच खातो. त्या बाबतीत आता मला काही बोलायचं नाही, त्याच्याशी मी माझ्या वेळी बघून घेईन. पण हा माणूस, जो जन्मात कधी खाली बसून जेवला नाही, तो बसला होता. वाफ फोटोवरून हळूहळू उतरत होती. हनुवटी परत दिसायला लागली होती, आणि गाल, आणि मी शपथेवर सांगत नाही, पण तोंड त्या रागावलेल्या फोटोतलं वाटत नव्हतं.  बाहेर कुणाच्या तरी घरात कपडे वाळत घालायचे बांबू वाजले. मला वाटलं, आम्ही तिघं एका मोठ्या माणसाच्या पंगतीत बसलो आहोत आणि तो घास चावतोय, आणि आपण बोलू नये.

"मा?" लायफोंग म्हणाली.

"तू इथं काय करतेस?" मी म्हटलं. "खाली रांग लागली असेल. जा, विस्तव पेटव."

"आज बंद आहे म्हणून पाटी लावलीय ना आपण."

"पाटी काढ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बूनकियातकडे बघितलं, मग फोटोकडे. तिला कळलं की नाही मला माहीत नाही. तिनं केसांची पिन काढली, पुन्हा घट्ट लावली आणि चपला घालायला गेली. तिच्या चपलांचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू आला, आधी चालताना, मग पळताना.

बूनकियात डोकं खाजवत उभा होता. "मग ऑफिसला मी काय सांगू? महिनाअखेरचं?"

"सांग, अजून जेवण चाललंय."

"कुणाचं?"

"त्यांना काय करायचंय कुणाचं. तू जा, तिला कांदा सोलून दे. आणि वास येतो म्हणून तोंड वाकडं केलंस तर बघ."

तोही गेला. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि फोटोपुढे बसले, अगदी समोर, गुडघे फळीला लागतील एवढी जवळ. उदबत्ती संपत आली होती, मी तिच्यावर दुसरी पेटवून लावली. पोए मांडीवर ठेवून दिले, काही विचारलं नाही. तो जेवत होता आणि मी समोर बसले होते, आणि लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.